बाइकची डागाळलेली ॲल्युमिनियमची चाकं: सफाई आणि पॉलिशबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत रोज गाडी काढणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात, पावसाळा संपता संपता तर जास्तच. घाई असली तरी पहिले दोन प्रश्न वाचल्याशिवाय चाकाला काही लावू नका. बहुतेक चाकं चुकीचं औषध लावल्यामुळेच कायमची बिघडतात.

माझ्या गाडीचं चाक नेमकं कशाचं आहे, कसं ओळखू?

फ्रिजवरचं लोहचुंबक रिमला लावा. चिकटलं तर रिम लोखंडाची आणि वर क्रोम. जुनी बुलेट, आरएक्स १०० यांच्या तारांच्या रिमा अशाच असतात. त्यांना या पानावरचं वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा सँडपेपर) मारण्याचं काम अजिबात करायचं नाही, कारण क्रोमचा थर फार पातळ असतो. तो घासला गेला की खालचं लोखंड गंजायला लागतं. तारांच्या चाकात मधला हब मात्र बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा असतो. तोही चुंबकाने तपासा.

चुंबक चिकटलं नाही तर चाक ॲल्युमिनियमचं. आता त्याच्यावर काय थर आहे ते बघायचं. आतल्या बाजूची, सहसा दिसत नाही अशी जागा धुऊन कोरडी करा. पांढऱ्या सुती कापडावर मेटल पॉलिशचा थेंब घ्या आणि अर्धा मिनिट चोळा. कापड काळं पडलं तर धातू उघडा आहे. कापडावर पॉलिशचा स्वतःचाच रंग राहिला तर वर पारदर्शक लॅकर आहे. कापडाला चाकाचा रंग लागला तर तो पेंट आहे. पावडर कोटिंगचा (पावडर मारून भट्टीत भाजलेला) रंग सहसा असा सहज उतरत नाही. पण चाक एकसारखं काळं किंवा राखाडी दिसत असेल, तर त्याला रंगवलेलंच समजा.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांची चाकं काळी रंगवलेली असतात. काहींच्या कडेला लेथवर कापलेल्या बारीक चकचकीत रेघा दिसतात, त्याला डायमंड कट म्हणतात. त्या रेघांवर लॅकर असतंच. सोनेरी किंवा रंगीत ॲनोडाइज्ड रिमवर मेटल पॉलिश चालत नाही. तिथला रंग धातूच्या वरच्या थरातच असतो आणि एकदा गेला की घासून परत येत नाही.

डाग कसला आहे, हे बघून कळतं का?

बऱ्यापैकी कळतं.

काळा, बोटाला तेलकट लागणारा आणि मागच्या चाकाच्या डाव्या-उजव्यापैकी चेनच्याच बाजूला असलेला डाग म्हणजे चेनवरून उडालेलं ल्यूब आणि त्यात बसलेली धूळ. तपकिरी, खरखरीत ठिपके पुढच्या चाकावर, डिस्कच्या बाजूला जास्त असतील तर ती ब्रेकची भुकटी. त्यात लोखंडाचे कण असतात, ते पृष्ठभागात रुतून गंजतात. लोकांना वाटतं चाकच गंजलं, पण ॲल्युमिनियमचा गंज कधी तांबूस नसतो. तो पांढरा असतो. पांढरी भुकटी, किंवा नखाला जाणवणारे बारीक खड्डे दिसले तर तो खरा गंज. गोल पांढरट कडा राहिलेले थेंबांचे डाग पाण्यातल्या क्षारांचे. आणि थराच्या आतून अळी चालत गेल्यासारख्या वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा दिसत असतील, तर ओल लॅकरखाली शिरली आहे. त्याचं उत्तर पुढे वेगळं दिलंय.

मुंबईत चाकं इतक्या लवकर का डागाळतात?

ॲल्युमिनियमवर हवेतच एक अतिशय पातळ ऑक्साइडचा थर तयार होतो आणि तोच धातूला सांभाळतो. समुद्राच्या हवेतल्या मिठातलं क्लोराइड हा थर ठिकठिकाणी फोडतं आणि तिथून खड्डे पडायला लागतात. वरळी, माहीम, वर्सोवा, वांद्र्याची किनारपट्टी इथे रात्री उघड्यावर लावलेल्या गाडीवर सकाळी जो चिकट थर बसलेला असतो, त्यात हे मीठ असतं. नुसतं मीठ कोरडं असताना फार काही करत नाही. दमट हवेत ते ओल धरून ठेवतं आणि काम सुरू होतं.

दुसरं कारण धुण्याचं पाणी. पालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, म्हणून तसं मऊ. पण सोसायटीच्या बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असू शकतं आणि किनाऱ्याजवळच्या बोअरला तर खारटपणाही येतो. अशा पाण्याने धुऊन गाडी उन्हात वाळत ठेवली, तर धुतल्यामुळेच डाग पडतात. शेवटचं पाणी तरी नळाचं मारा आणि चाक लगेच पुसा.

साधी धुलाई नीट कशी करायची?

चाक थंड हवं. गरम डिस्कवर गार पाणी मारायचं नाही. आधी नुसत्या पाण्याने वाळू सैल करून वाहू द्या. या पायरीला घाई केली तर पुढे कापडाखाली तीच वाळू ओरखडे काढते. ५ लिटर पाण्यात २५-३० मिली कार शाम्पू पुरतो. चाकांची बादली आणि कापड वेगळं ठेवा, टाकीला तेच लावू नका. आऱ्यांच्या मागे आणि हबजवळ एक इंची रंगाचा मऊ ब्रश उत्तम जातो. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर पत्रा चाकाला लागतो. बोल्टच्या खाचांना जुना टूथब्रश.

प्रेशर वॉशरचा फवारा हबवर, बेअरिंगच्या सीलवर आणि चेनवर सरळ मारू नका. सीलमधून पाणी आत गेलं की ग्रीस धुतलं जातं, आणि काही महिन्यांनी चाकातून घरघर येते तेव्हा कारण कुणाला आठवत नाही.

चेनचं ल्यूब, डांबर आणि ब्रेकची भुकटी शाम्पूने निघत नाही. मग?

ल्यूब आणि डांबराला रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन किंवा डब्ल्यूडी-४० चालतं. पण ते कापडावर घ्या, चाकावर फवारू नका. फवारा डिस्कवर गेला तर ब्रेक लागत नाही. डांबराच्या ठिपक्यावर भिजलेलं कापड दोन-तीन मिनिटं दाबून धरा, मग पुसा. खरवडायला लागू नका. नंतर शाम्पूने धुऊन तेलकटपणा काढायचाच. पेट्रोल नको. आगीची भीती आहेच, शिवाय चेनच्या रबरी रिंगा त्याने फुगतात.

ब्रेकच्या भुकटीसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. बाटलीवर पीएच न्यूट्रल (म्हणजे आम्लही नाही, अल्कलीही नाही) लिहिलेलं बघूनच घ्या. चाक थंड आणि सावलीत असताना मारा. दोन-तीन मिनिटांत ठिपक्यांभोवती जांभळे ओघळ उतरतात, म्हणजे लोखंड विरघळतंय. वास सडक्या अंड्यासारखा येतो, ते नेहमीचंच आहे. वाळू न देता भरपूर पाण्याने धुवा. ठिपके उरले तर पुन्हा एकदा मारा. एकाच वेळी दहा मिनिटं ठेवू नका.

मेट्रो आणि रस्त्यांच्या कामाजवळून जाताना सिमेंटचं पाणी उडतं. त्याचे डाग?

हे डाग लोक हलके घेतात आणि तिथेच फसतात. ओल्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो आणि ॲल्युमिनियम अशा अल्कलीत विरघळतं. त्याच दिवशी, शक्यतो घरी पोचल्या पोचल्या, पाणी मारा. वाळून घट्ट झालं असेल तर ओलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा आणि मऊ झालेला थर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने उचला. त्याखाली राखाडी धुरकट ठसा राहिला तर धातू खाल्ला गेलाय. उघड्या धातूवर तो पॉलिशने निघतो, लॅकरवरचा सहसा निघत नाही.

वॉशिंग सेंटरवाला ॲसिड मारतो आणि चाक पाच मिनिटांत पांढरं होतं. मग त्यात वाईट काय?

तो पांढरेपणा म्हणजे धातूची वरची कातडी सोलली गेल्याचा रंग आहे. ॲल्युमिनियमचा संरक्षक थर साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये टिकतो. त्याच्या खाली ॲसिड आणि वर अल्कली, दोन्ही तो थर विरघळवतात. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते धुतलं तरी क्लोराइड खड्ड्यांत राहतं आणि चाक आठवड्या-दोन आठवड्यांत आधीपेक्षा वाईट दिसायला लागतं. जवळचे नट-बोल्ट आणि तारा गंजतात ते वेगळंच. कॉस्टिक सोडा असलेल्या स्वस्त डिग्रीझरने उलट चाक काळं पडतं.

सगळ्यात धोकादायक प्रकार म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड असलेले सुटे ब्राइटनर, बिनलेबलच्या कॅनमधून मिळणारे. ते कातडीवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही, पण आत खोल शिरतं. हाताला लागलं असेल तर पाण्याखाली धरा आणि थेट रुग्णालयात जा, दुखण्याची वाट बघू नका. सेंटरवर गाडी देताना स्पष्ट सांगा: चाकांना ॲसिड नको, आणि शेवटी डिझेलचा फवाराही नको. डिझेलने चाक दोन दिवस काळंभोर दिसतं, मग त्यावर धूळ बसते. ते डिस्कवर गेलं तर ब्रेकचा प्रश्न येतो.

ॲसिड आधीच मारून झालं असेल तर आज पाच-दहा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, मग शाम्पूने, आणि पूर्ण कोरडं करा.

लिंबू-मीठ, चिंच, राख, टूथपेस्ट, पितांबरी चालेल का?

लिंबू-मीठ म्हणजे आम्ल आणि क्लोराइड एकत्र, तेव्हा बिलकुल नाही. चिंच आणि पितांबरीसारखी पावडर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आहे, चाकासाठी नाही. राखेत अल्कली असते आणि ओरखडे काढणारे खरखरीत कणही. धुण्याच्या सोड्यालाही तेच लागू. टूथपेस्टने थोडी चमक येते, पण ती कोपऱ्यांत वाळून पांढरी बसते. तेवढ्याच मेहनतीत मेटल पॉलिश खूप पुढे नेतं.

हिरवी घासणीही नको. तिच्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे खरखरीत कण असतात आणि तिचे ओरखडे काढायला नंतर पेपर लागतो. तारेची घासणी तर लोखंडाचे बारीक तुकडे मऊ धातूत रुतवते, आणि तेच पुढे गंजून तांबडे ठिपके होतात.

उघड्या ॲल्युमिनियमला हाताने पॉलिश कसं करायचं?

दोन्ही चाकांना मिळून ७५ मिलीची मेटल पॉलिशची ट्यूब पुरते. ऑटोसोलसारखी पेस्ट द्रव पॉलिशपेक्षा सोपी पडते, कारण ती उभ्या भागावरून ओघळत नाही. जुन्या सुती बनियनचे आठ-दहा तुकडे, दोन स्वच्छ मायक्रोफायबर कापडं, टूथब्रश, मास्किंग टेप आणि नायट्राइलचे हातमोजे घ्या.

गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर (चाक उचलून धरणारा सुटा स्टँड), इंजिन बंद, न्यूट्रल. मागचं चाक गिअरमध्ये टाकून इंजिनवर फिरवत कापड धरण्याची सवय अनेकांना आहे. कापड चेन आणि स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं, आणि कापडाबरोबर बोटं जातात. चाक हातानेच फिरवा.

डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) प्लास्टिकच्या पिशवीने पूर्ण झाकून टेप लावा. टायरच्या कडेला आणि स्टिकरवर टेप मारा. एका वेळी एकच आरा किंवा रिमचा वीतभर भाग घ्या. वाटाण्याएवढी पेस्ट कापडावर, पुढे-मागे छोट्या फटक्यांत, सुरुवातीला जोर देऊन. मिनिटभरात पेस्ट राखाडी आणि मग काळी होते. चोळत राहिलं की ती पातळ, तेलकट होते आणि त्या काळ्यातूनच आरपार चमक दिसायला लागते. तिथे जोर कमी करा, अजून अर्धा मिनिट हलक्या हाताने फिरवा, आणि पेस्ट वाळायच्या आत स्वच्छ कापडाने पुसा. उन्हात पेस्ट आधीच वाळते, म्हणून सावली हवी. शेवटी कोपऱ्यांतली पेस्ट टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने काढा, नाहीतर ती पांढरी पडून पुन्हा डागासारखी दिसते.

कितीही पुसलं तरी कापड काळंच येतं. मळ अजून आहे का?

नाही. ते काळं म्हणजे धातूचे आणि ऑक्साइडचे कण. उघड्या ॲल्युमिनियमवर पॉलिश चोळाल तेवढा वेळ कापड काळंच येणार. थांबायचं कधी ते चाकाकडे बघून ठरवा.

पॉलिशने खड्डे आणि पांढरे चट्टे जात नाहीत. वॉटर पेपर मारू का?

धातू उघडा असेल आणि खड्डे नखाला जेमतेम लागत असतील तर मारा. खड्डा काढायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा धातू खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवायचा, हे लक्षात ठेवा. खोल खड्डे राहू द्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. आऱ्याच्या मुळाशी, बोल्टच्या जागी आणि टायर बसतो त्या कडेला तर पेपर लावूच नका.

पेपरच्या नंबरांचा क्रम, जाडसरपासून बारीककडे: ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. चट्टे हलके असतील तर थेट ८०० पासून सुरू करा. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाका. सपाट भागावर पेपर रबराच्या तुकड्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी दाबलं की बोटांच्या रेघांत खोलगट पट्टे पडतात आणि ते चमक आल्यावरच दिसतात.

दर नव्या नंबरला घासण्याची दिशा आडवी-उभी बदला. आधीच्या नंबरच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते त्याशिवाय कळत नाही. आणि नंबर बदलताना चाक, बादली, हात सगळं धुवा. ४०० चा एक कण १५०० च्या पेपरखाली आला की मागे जावं लागतं. पॉलिशनंतर चाक लांबून चकचकीत पण जवळून केसासारख्या रेघांनी भरलेलं दिसत असेल, तर जवळजवळ नेहमीच मधला एखादा नंबर गाळलेला असतो. पॉलिश त्या रेघा काढत नाही, उठून दाखवतं. एका चाकाला दोन तास सहज जातात.

ड्रिलला बफ लावून केलं तर?

वेळ खूप वाचतो. ३ इंची सुती बफ (पॉलिश करायची कापडी चकती) आणि साधं २८०० आरपीएमचं ड्रिल पुरेसं आहे. अँगल ग्राइंडर नको, तो ११,००० च्या आसपास फिरतो आणि कड क्षणात गोल करतो किंवा भाजतो. बफिंगचे बार (बफला लावायच्या पॉलिशच्या घट्ट वड्या) आणि वॉटर पेपर नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात सुटे मिळतात. तपकिरी बार कापायला, पांढरा चमक आणायला. प्रत्येक बारला वेगळा बफ ठेवा, एकच वापरला तर शेवटची चमक येतच नाही.

बफ कडेवरून बाहेरच्या दिशेने फिरत जायला हवा. कडेत शिरेल असा धरला तर तो अडकतो आणि ड्रिल मनगट पिरगाळतं. चष्मा आणि मास्क लावा, सैल बाही नको. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते, तेव्हा शेजारी कुणी लोखंड ग्राइंड करत असेल तर काम थांबवा.

लॅकरखाली पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा आल्यात. वरून पॉलिश करून जातील?

जाणार नाहीत, कारण पॉलिश लॅकरवर फिरतंय आणि बिघाड खाली आहे. दगड लागून किंवा टायर काढताना लोखंडी पट्टी घासून लॅकर फुटलं, तिथून खारी ओल शिरली आणि कडेकडेने पुढे सरकली. रेघा बोटभर असतील तर फुटलेली जागा कोरडी करून थोडं लॅकर लावा, वाढ मंदावते. जास्त पसरल्या असतील तर टायर काढून, पूर्ण लॅकर उतरवून पुन्हा कोटिंग करणं हाच उपाय. पेंट रिमूव्हर घरी टायरसकट वापरू नका, तो रबर आणि सील खातो. डायमंड कटच्या रेघा पेपरने घासल्या की कायमच्या जातात, हेही आधी मान्य करा.

मग पावडर कोटिंग करावं की चाक उघडंच पॉलिश ठेवावं?

रोज ऑफिसला जाणारी, उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर पावडर कोटिंग. उघडं पॉलिश फार देखणं दिसतं, पण मुंबईच्या हवेत ते सतत हात मागतं. पॉलिशवर लगेच लॅकर मारून दोन्ही साधावं असं वाटतं, पण आरशासारख्या गुळगुळीत धातूला लॅकर नीट धरत नाही आणि सालपटं निघतात.

कोटिंगला देताना बेअरिंग, सील, व्हॉल्व्ह आणि डिस्क काढूनच चाक द्या. पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजतात, सील तिथे टिकत नाहीत. बेअरिंगची जागा आणि डिस्क बसते तो पृष्ठभाग झाकायला सांगा. तिथे पावडर बसली तर डिस्क तिरकी बसते आणि ब्रेक थरथरतो. वारंवार भाजून घेणंही टाळा, कारण चाकाची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेने आलेली असते. तडा दिसला तर कोटिंगने झाकू नका. ते चाक बदलायचं.

चाक स्वच्छ आहे, पण ट्यूबलेस टायरची हवा दर आठवड्याला कमी होते. संबंध आहे का?

असू शकतो. टायर रिमला जिथे चिकटतो तिथे पांढरा गंज धरला की हवा तिथून झिरपते. साबणाचं पाणी लावा, कडेला बुडबुडे येतील. टायरवाल्याकडून टायर उतरवून ती कड हलक्या हाताने साफ करून घ्या आणि बीड सीलर (टायरची कड आणि रिम यांच्यातली फट बंद करणारं द्रावण) लावून घ्या.

पॉलिश किती टिकतं? पावसाळ्यात काय करावं?

वर काही लावलं नाही तर पावसाळ्यात फारच थोडं टिकतं. पॉलिशनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसा आणि व्हील सीलंट किंवा वॅक्सचा पातळ थर द्या. १५-२० मिनिटांनी पुसा, काही तासांनी दुसरा थर. पाण्याचे थेंब गोळा न होता पाणी चादरीसारखं पसरायला लागलं की लेप संपला.

जून ते सप्टेंबर दर आठवड्याला शाम्पू. समुद्रासमोर गाडी लागत असेल तर मध्ये एकदा नुसतं पाणी. भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हवर अंगावर लाट घेतली असेल, किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर त्याच दिवशी धुवा. प्लास्टिकचं कव्हर आत घाम धरतं. कापडी, हवा खेळणारं घ्या, आणि ओल्या गाडीवर घालू नका.

सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या दादांना चाकांना हात लावू नका म्हणून सांगा. एकाच बादलीतल्या फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात आणि त्यातली वाळू तुमच्या पॉलिशवर फिरते.

काम झाल्यावर लगेच गाडी बाहेर काढू का?

आधी डिस्कवरची पिशवी आणि टेप काढा. पॉलिश किंवा वॅक्सचा हात लागला असेल तर ब्रेक क्लीनर स्वच्छ कापडावर घेऊन डिस्क दोन्ही बाजूंनी पुसा, कापड स्वच्छ येईपर्यंत. ब्रेक पॅड तेलाने भिजले असतील तर ते बदला, घासून पुन्हा वापरू नका. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर वॅक्स लागलेलं नाही हे चाक पूर्ण फिरवून बघा. मग सोसायटीच्या आवारातच चालण्याच्या वेगाने पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा पाच-सहा वेळा दाबा. ड्रम ब्रेकमध्ये धुण्याचं पाणी गेलं असेल तर पहिले दोन-तीन वेळा ब्रेक कमी लागेल, ड्रम कोरडा झाला की पूर्ववत होईल. दोन्ही ब्रेक नेहमीसारखे पकडत असतील तेव्हाच गेटबाहेर काढा.